आधी सांडपाणी, मग नळ : खाडीतल्या एका बेटावरचं काम

बेटावर पहिली कुदळ मारण्याआधी जानेवारी ते जून नुसतं मोजमाप केलं. रत्नागिरीकडच्या एका खाडीतलं हे बेट. अशा बेटाला आपल्याकडे जुवा म्हणतात. दीडशे घरं, सहाशेच्या आसपास माणसं, तीन वाड्या, मधे जांभ्याचा छोटा डोंगर, कडेने माडांच्या बागा. पाणी सगळं विहिरींचं. दर आठवड्याला प्रत्येक विहिरीत दोरीला बाटली बांधून सोडायची, एक नमुना वरचा आणि एक तळाचा घ्यायचा, खिशातल्या टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, तो वाचायचा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि वहीत आकड्याशेजारी तिथी लिहायची. तिथी यासाठी की भरतीची वेळ तिच्यावरून निघते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. किनाऱ्याकडच्या विहिरींची पातळी भरतीमागून थोड्या वेळाने वर चढते आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उतरते. एक आकडा भरतीचा आणि दुसरा सुकतीचा असेल तर त्यांची तुलना करून काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक विहीर भरतीनंतर ठरलेल्या वेळीच मोजायची.

हे सहा महिने वाचवावेत असं प्रत्येकाला वाटतं. वाचवू नयेत. पावसाळ्यात घेतलेल्या एका नमुन्यावर योजना आखली की मे महिन्यात ती फसते.

बेटाखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५. एवढ्याशा फरकावर सगळं उभं आहे. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर हिशेबाने सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. हिशेब उलटाही चालतो. मोटर लावून पातळी १ फूट उतरवली की खालून खारं पाणी ४० फूट वर यायला बघतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी चारी बाजूंनी समुद्र असताना गोड पाण्यासाठी नावाजल्या. पण त्या बांधल्या तेव्हा उपसा दोरी-घागरीचा होता. आज तशाच विहिरीवर ३ अश्वशक्तीची मोटर बसवतात आणि विहीर खारावली की दोष समुद्राला देतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत. बेटाच्या मधल्या विहिरी मे अखेरपर्यंत ५०० च्या आत राहिल्या. किनाऱ्याकडच्या विहिरी एप्रिलमध्येच हजारावर गेल्या.

पण वहीतली चिंतेची नोंद मिठाची नव्हती. ज्या विहिरी गोड राहिल्या त्यांतच, म्हणजे दाट वस्तीतल्या मधल्या विहिरींत, जैविक तपासणीच्या बाटल्या एका रात्रीत काळ्या पडल्या, म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू होते, आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेजवळ निघालं. कारण उघड होतं. शौचालयांचे शोषखड्डे जांभ्यात खणलेले आहेत. जांभा मातीसारखं पाणी गाळत नाही. त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून ते सरळ वाहतं. शोषखड्ड्यापासून विहीर १५ मीटर लांब असावी हा नियम मातीच्या जमिनीत चालतो, जांभ्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. खड्ड्याचा तळ भूजलापेक्षा २ मीटर वर हवा असंही सांगतात, पण श्रावणात इथे भूजल अंगणाखाली हातभरावर असतं.

कामाचा क्रम इथेच ठरला. आधी सांडपाणी, मग नळ. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या घरात १५ लिटरचे सहा-सात हंडे येतात, म्हणजे शंभर लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने चार माणसांच्या घरात नळ आला की २२० लिटर. त्यातलं ८० टक्के पुन्हा जमिनीत जातं. बेटावर रोज ३३ हजार लिटर पाणी आणायचं म्हणजे २६ हजार लिटर मैलापाणी त्याच विहिरींच्या डोक्यावर ओतायचं. गावात आधी नळ मागतात, कारण हंडा डोक्यावर असतो आणि शोषखड्डा जमिनीखाली असतो. ही मागणी खरी आहे. तरीही ग्रामसभेत क्रम बदलायला सांगावं लागतं, आणि ते सांगताना काळी पडलेली बाटली हातात हवी. पैशाची सोयही या क्रमाने जमते: पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीत पाणी आणि स्वच्छतेचा ६० टक्के बंधित हिस्सा होता. ग्रामपंचायतीने असा हिस्सा दोन वर्षं फुटकळ गटारांवर न उडवता एका आराखड्याला बांधला तर पहिला टप्पा उभा राहतो.

पहिला हंगाम, ऑक्टोबर ते मे, सगळा सांडपाण्याचा.

प्रत्येक घराला बंद तळाची सेप्टिक टाकी. आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांसाठी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाणी १ मीटर खोल, वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. पाणी मावतं ११२५ लिटर. रोज १७६ लिटर येणार, म्हणजे पाणी टाकीत सहा दिवस राहतं. गणपतीत मुंबईकर आले आणि माणसं तिप्पट झाली तरी दोन दिवस हाती राहतात, आणि गाळ बसायला तेवढे पुरतात. भिंती चिऱ्याच्या केल्या तर चालतं, पण चिरा पाणी पितो. आतून दोन थरांत गिलावा आणि वर सिमेंटची घोटाई हवीच. टाकी भरून तीन दिवस पातळी बघायची. पहिल्या दिवशी चिरा पितो म्हणून पाणी उतरतं, ते धरायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरलं तर गळती. वेंट पाइपाच्या तोंडाला डासांची जाळी, आत-बाहेरच्या तोंडांना टी आकाराचे जोड. बाहेरच्या टीचा खालचा पाय कापून टाकायची गवंड्यांना सवय असते. तो कापला की वरची साय सरळ पुढच्या पाइपात जाते.

जागा अडचणीची होती तिथे तयार प्लास्टिकच्या टाक्या बसवल्या, आणि त्यातल्या काही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जमिनीतून वर आल्या. ११०० लिटरची रिकामी टाकी भूजलात बुडाली की तिला ११०० किलोची उचल मिळते, वरच्या वीतभर मातीने ती थोपत नाही. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्याला पट्ट्यांनी टाकी बांधायची, आणि बसवल्या दिवसापासून ती पाण्याने भरलेली ठेवायची. पावसाळ्यात टाकी उपसायची नाही, हा नियम यातूनच आला.

घरच्या टाकीतून फक्त निवळलेलं पाणी पुढे जातं, म्हणून गावातली वाहिनी लहान चालते. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, उतार दीडशेला एक, दर ३० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर झाकणाचा चेंबर. मैला थेट वाहणाऱ्या गटाराला याहून मोठा पाइप आणि जास्त उतार लागतो, आणि सपाट किनाऱ्यावर तो उतार मिळवायला खोल खणावं लागतं. इथे हातभर खणलं की पाणी लागतं. स्वयंपाकघराचं पाणी टाकीत सोडण्याआधी जाळी आणि तेल अडवणारा छोटा कप्पा हवा. मासे साफ केलेलं पाणी, खवले, खोबरेल आणि भांडी घासायची राख एकत्र झाली की पाइपात दगडासारखा थर बसतो. माडाची मुळं हा दुसरा शत्रू. जिथे सांधा पाझरतो तिथे ती नेमकी शिरतात. म्हणून रबर रिंगचे सांधे बागेतून टाळले आणि सोल्युशनने चिकटवले.

नळाचा पाइप आणि मैल्याचा पाइप यांच्यात ३ मीटर अंतर असावं. बेटावरच्या पाखाडीची, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेची, रुंदीच दीड मीटर. मग चर पायरीचा खणला: खालच्या पायरीवर मैल्याचा, वरच्या पायरीवर अर्धा मीटर उंच नळाचा. नळाची जागा पहिल्या वर्षीच राखून ठेवली, पाखाडी दोनदा फोडावी लागली नाही.

तीन वाड्यांचं पाणी तीन ठिकाणी. एकाच ठिकाणी आणायचं तर पंप लागतात, आणि पंप बंद पडले की मैला थेट खाडीत जातो. पन्नास घरांच्या वाडीचं रोजचं पाणी ८८०० लिटर. ते आधी चार कप्प्यांच्या बंद टाकीतून खालून वर, खालून वर जातं. कप्प्यात पाणी चढण्याचा वेग ऐन गर्दीच्या तासाला ताशी ०.९ मीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर तळचा गाळ उचलला जातो. पहिल्या वाडीत कप्पे रोजच्या वस्तीवर बेतले होते: सव्वा मीटर बाय एक मीटर, पाणी १.८ मीटर खोल. रोजच्या वापराला ते बरोबर बसले. पहिल्याच गणपतीत गाळ वाहून पुढच्या खडीत गेला आणि खडीची तोंडाकडची मीटरभर पट्टी बाहेर काढून धुवावी लागली. पुढच्या दोन वाड्यांत कप्प्यांचं क्षेत्रफळ दुप्पट केलं. कोकणात लोकसंख्या जनगणनेवरून धरायची नाही, गणपतीत तरीवरून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, उतरणारी माणसं मोजायची. नव्या कप्प्यांत जुन्या सेप्टिक टाकीतला गाळ विरजणासारखा टाकावा लागतो. त्यानंतरही दोन-तीन महिने पाणी गढूळ आणि वासाचं येतं. ते बिघडलेलं नाही, कप्पे रुजेपर्यंत तसंच चालतं.

त्यापुढे खडीचा वाफा, वाडीला १०० चौरस मीटर, ६० सेंटिमीटर खोल, १० ते २० मिलिमीटरची काळवत्री खडी. बेटावरचा जांभा फोडून वापरायचा मोह होतो, होडीभाडं वाचतं. पण तो पाण्यात कुजून लाल चिखल होतो आणि वाफा बुजतो. वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावली. कर्दळीचा एक उपयोग नंतर कळला. एका वाडीत तिच्या पानांच्या कडा करपू लागल्या. वाफ्याच्या तोंडाशी मीटर लावला तर उधाणाच्या दोन तासांत टीडीएस कित्येक पटींनी चढत होता. किनाऱ्याकडच्या एका चेंबरच्या तळातून समुद्राचं पाणी शिरत होतं. हे वेळीच थांबवावं लागतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, बंद टाकीत त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, कुजक्या अंड्याचा वास सुटतो आणि काँक्रीटची झाकणं आतून भुगा होतात. म्हणून वाहिनीची तपासणी नेहमी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात करायची. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, गळती दिसतच नाही.

वाफ्यातून निघालेलं पाणी माडांच्या आळ्यांत जातं, खाडीत नाही. खाडीच्या कडेने बायका तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढतात. हे जीव पाणी गाळून खातात आणि पाण्यातली घाण अंगात साठवतात. नळाचं पाणी शुद्ध आणि जेवणातल्या तिसऱ्या मैल्याच्या, असं होऊ द्यायचं नव्हतं. काठावरची जुनी उघडी गटारं बंद करण्यामागेही हेच कारण होतं.

गाळाचं आधी ठरवलं नाही तर बाकी सगळं तीन वर्षांत निकामी होतं. शहरात उपसणारा टँकर येतो, बेटावर तो येऊ शकत नाही. माणशी वर्षाला ३० ते ४० लिटर गाळ साठतो. घरची टाकी तीन वर्षांनी अर्ध्याच्या जवळ येते. दरवर्षी पन्नास घरं घ्यायची. हातगाडीवर ५०० लिटरची टाकी आणि डायफ्रॅम पंप, पाखाडीच्या पायऱ्यांसाठी ५० मीटर नळी. वस्तीपासून लांब वाळवायचे दोन वाफे, प्रत्येकी २० चौरस मीटर, खाली खडी, वर वीतभर वाळू. एका वाफ्यावर एका वेळी २० सेंटिमीटर गाळ, म्हणजे ४००० लिटर. फेब्रुवारी ते मे दोन आठवड्यांत तो भेगाळतो आणि फावड्याने निघतो. वाळला तरी जंतांची अंडी जिवंत असतात, म्हणून वर्षभर झाकून ठेवल्यावरच माडाला. भाजीला कधीच नाही.

दुसऱ्या हंगामात नळ. त्याची कागदपत्रं मात्र पहिल्या हंगामातच सुरू केली, कारण खाडी ओलांडायची म्हणजे २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेखाली किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं, सागरी मंडळाची परवानगी लागते आणि वाटेत कांदळवन असेल तर कांदळवन कक्षाची. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठी कांदळवन तोडायचं तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आमच्या आधीच्या आराखड्यात ठेकेदाराने नकाशावर सर्वांत जवळची रेषा मारली होती, ती नेमकी चिपीच्या दाट झाडीतून जात होती. रेषा तरीच्या धक्क्यावर आणली, अंतर ९० मीटरनी वाढलं, झाड एकही तुटलं नाही आणि फाइल हलली.

स्रोत मुख्य भूमीवरच्या नदीकाठची विहीर. तिची जागा मेच्या उधाणात ठरवली: भरतीला मीटर घेऊन नदीच्या वर चालत जायचं आणि खारेपणा जिथे संपतो त्याच्याही बरंच वर थांबायचं. खालच्या बाजूला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. त्याच्या फळ्या पाऊस ओसरल्यावर वेळेत बसल्या नाहीत तर उधाणाचं पाणी आत येतं आणि मग सबंध उन्हाळा विहीर मचूळ. फळ्या बसवायची तारीख आता पाणीपुरवठा समितीच्या वहीत लिहिलेली असते.

हिशेब असा. रोजची गरज ३३ हजार लिटर, सणाला दुप्पट धरली. ६६ हजार लिटर बारा तासांत चढवायचे तर सेकंदाला दीड लिटर. एकूण वाहिनी १.८ किलोमीटर: १२०० मीटर मुख्य भूमीवर, ३५० मीटर खाडीत, २५० मीटर बेटावर. ७५ मिलिमीटरचा एचडीपीई (कणखर प्लास्टिकचा) पाइप, पीई १०० प्रतीचा, एसडीआर ११ म्हणजे बाहेरचा व्यास जाडीच्या अकरा पट, आतला व्यास सुमारे ६१ मिलिमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, घर्षणात किलोमीटरला साडेपाच मीटर दाब जातो. विहिरीच्या तळपातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत ३४ मीटर, घर्षण १० आणि वाकणं-व्हॉल्व्हचे ४, असे ४८ मीटर. पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली की २ अश्वशक्तीच्या थोडं वर जातं, म्हणून ३ ची मोटर. एसडीआर ११ चा पाइप १६ किलो दाबाचा असतो, आपल्याला ५ सुद्धा लागत नाही. जाड पाइप घेतला तो होड्यांच्या नांगरांसाठी.

खाडीत एकाऐवजी दोन पाइप टाकले, एक चालू आणि एक राखीव. दुसऱ्या पाइपाचा खर्च नंतरच्या एका दुरुस्तीच्या तुलनेत थोडा असतो, आणि पावसाळ्यात फुटला तर दुरुस्ती चार महिने होतच नाही.

एचडीपीई पाण्यापेक्षा हलका. ७५ चा पाइप मीटरला साडेचार किलो समुद्राचं पाणी बाजूला सारतो. त्याचं स्वतःचं वजन १.४ किलो, आतलं गोडं पाणी जवळपास ३. म्हणजे भरलेला पाइपसुद्धा खाडीत तरंगतो, आणि रिकामा तर मीटरला ३ किलोने वर ओढतो. म्हणून दर अडीच मीटरवर १० किलोचा काँक्रीटचा कंठा. काँक्रीटचंही वजन पाण्यात कमी होतं, १० किलोचे पावणेसहा उरतात, म्हणजे मीटरला २.३ किलो. हा आकडा असाच निवडलेला आहे: रिकामा पाइप कंठ्यांसकट तरंगतो, म्हणून होडीने ओढून नेता येतो. भरला की २ किलोने तळाला बसतो. कंठे जास्त जड केले तर ओढतानाच पाइप मधे बुडून मुडपतो. एका पाइपाला १४० कंठे, दोन अर्धुकांत ओतलेले, मधे रबराची पट्टी, स्टेनलेसचे बोल्ट. साधे बोल्ट लावले तर गंजून तुटतात आणि कंठा सुटून पाइप तिथे धनुष्यासारखा वर येतो.

सांधे पुळणीवर, तापलेल्या पाटीने. पाटी २१० ते २२० अंशांवर लागते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने ती एका बाजूने गार होते आणि सांध्याची वळी एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक येते. असा सांधा कापून पुन्हा करायचा. सकाळी सहा ते दहा काम, आणि ताडपत्रीचा आडोसा. सगळा पाइप जोडून झाला की बुडवण्याआधी किनाऱ्यावरच साडेसात किलो दाबाची चाचणी. पहिल्या तासात दाब उतरतो, कारण एचडीपीई ताणतो. पुन्हा भरून दाब धरायचा. दुसऱ्या तासानंतरही उतरत राहिला तर गळती शोधायची. इथे घाई करून चाचणी सोडण्याचा आग्रह झाला, तो मानला नाही.

काठाकडचा चर आणि मधली टाकणी यांना उलट दिवस लागतात. चर खणायला उधाणाची सुकती हवी, तेव्हा चिखल जास्त दूरपर्यंत आणि जास्त वेळ उघडा पडतो. मीटरभर खोल चर, दोन्ही कडांना वाळूची पोती, नाहीतर पुढच्या भरतीला तो परत भरतो. पाइप टाकायला मात्र भांग हवा. अष्टमीला सकाळी सहाला भरती पूर्ण होते, पाण्याला ओढ कमी असते, वारा पडलेला असतो. तीन होड्या: एक पुढे, एक मधे, एक शेवटाला. पाइप रेषेत आला की एका काठाने क्लोरीन घातलेलं गोडं पाणी हळूहळू भरायचं आणि दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह थोडासा उघडून हवा सोडायची. ३५० मीटरला जेमतेम हजार लिटर लागतात. हवा एकदम सोडली तर पाइप झपाट्याने बुडतो आणि वाकणावर मुडपतो. हवा बेताने सोडली की तो टोकापासून क्रमाने बसत जातो. भरायला खाडीचं पाणी कधीच घ्यायचं नाही, नंतर महिनाभर धुवावं लागतं.

टाकी डोंगरावर, ७० हजार लिटरची, म्हणजे दोन दिवसांचा साठा. जमिनीवरचीच, कारण २४ मीटर उंची डोंगराने फुकट दिली आहे. किनाऱ्यावर काँक्रीट टिकवणं कठीण. एम ३० प्रतीच्या खाली नाही, सळईवर ५० मिलिमीटर आवरण, खाडीची वाळू अजिबात नाही. मिसळायच्या पाण्याचीही मर्यादा आहे: आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइड. टीडीएस हजाराच्या पुढे गेला तर क्लोराइड तपासल्याशिवाय ते पाणी वापरायचं नाही. एप्रिलमध्ये किनाऱ्याच्या विहिरीतून पाणी घ्यायचा मजुरांचा कल असतो, तीच जवळ असते. स्लॅबच्या दिवशी पाणी मुख्य भूमीवरून पिंपांनी आणलं.

जुन्या विहिरी सोडल्या नाहीत. मधल्या दोन विहिरींवर अर्ध्या अश्वशक्तीचे पंप, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली फूटभर तरंगतं ठेवलेलं, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. घरांवर पन्हळी लावून पावसाचं पाणीही धरलं. ६० चौरस मीटरच्या छपरावर अडीच मीटर पाऊस पडला तर ८० टक्के धरून सव्वा लाखाच्या आसपास लिटर मिळतात, आणि चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर धरले तर चार महिन्यांना अडीच हजार लिटरची टाकी पुरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, छपरावर उन्हाळाभर मीठ बसलेलं असतं.

घरापर्यंत जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप नको, खाऱ्या हवेत लवकर सडतो. निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप, पितळी तोटी. पंपाच्या पॅनेलची पेटी फायबरची, आत ओल धरणाऱ्या खड्यांची पुडी, आणि पाणी संपलं की मोटर थांबवणारं संरक्षण.

क्लोरीनसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पोत्यावर ३३ टक्के क्लोरीन लिहिलेलं असतं, दमट हवेत उघडं पोतं झपाट्याने उतरतं, म्हणून २५ धरून चालायचं आणि महिन्याला पुरेल एवढंच आणायचं. ३३ हजार लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम द्यायचे तर साधारण २६५ ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्यायची आणि वरचं पाणी टाकीत सोडायचं. उरलेलं क्लोरीन दाखवणारी ओटी चाचणी टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही, शेवटच्या घरात करायची. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे.

पुढच्या मे महिन्यात नळाला खारट पाणी आलं तर घाबरून खाडीतला पाइप उचलायचा नाही. टाकीच्या तोंडाशी मीटर घेऊन बसायचं. पंप सुरू झाल्यावर पहिली वीस मिनिटं खारट आणि मग गोड असेल, तर गळती खाडीत आहे. पंप बंद असताना पाइपातलं पाणी बाहेर पडतं आणि समुद्राचं आत शिरतं, आणि खाडीपासून टाकीपर्यंतचं ते पाणी रिकामं व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला गोड आणि चार-पाच तासांनी खारट होत गेलं, तर पाइप ठीक आहे, नदीकाठची विहीर जास्त उपसली जाते आहे. पंप दोन हप्त्यांत चालवायचा आणि बंधाऱ्याच्या फळ्या बघून यायच्या.

खाडीत गळती निघालीच तर त्याच दिवशी राखीव पाइपावर वळवायचं. दोन्ही काठांचे व्हॉल्व्ह त्यासाठी दर महिन्याला एकदा उघडून-बंद करून बघावे लागतात, नाहीतर ऐन वेळी फिरत नाहीत. पंपघरात १२ मीटर पाइप, चार कॉम्प्रेशन कपलर, कंठ्यांच्या दोन जोड्या आणि बोल्ट कायम ठेवलेले असतात. पाण्याखाली तापवून सांधा करता येत नाही. भांगाच्या दिवशी होडीने पाइप वर उचलायचा, तुकडा कापायचा, कपलर आवळायचे आणि सोडायचा. हे सामान मागवून आणायला निघालो तर तोवर अष्टमी निघून जाते आणि पुढचा भांग पंधरा दिवसांनी येतो.